वॉशिंग मशीनमध्ये धुण्याची वाटणी कापडाच्या जाडीवरून आणि वजनावरून कशी करावी?

कासारवडवलीकर

सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. घरात आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई अशी पाच माणसे आहेत आणि सात किलोंचे, समोरून दार असलेले म्हणजे फ्रंट लोड प्रकारचे मशीन आम्ही तीन वर्षांपासून वापरत आहोत. आजवर मी धुण्याची वाटणी रंगावरून करीत आले. पांढरे कपडे एका खेपेत, गडद दुसऱ्या खेपेत, आणि रंग जाण्याची शंका असलेला नवा कपडा पहिल्या दोन-तीन धुण्यांना बादलीत वेगळा, ही माझ्या आईची पद्धत मी पुढे चालवली. कापड जाड आहे की पातळ आणि ओले झाल्यावर ते किती जड होते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

गेल्या रविवारी गडद रंगांच्या खेपेत मी तीन मोठे टॉवेल, दोन जीन्स, मुलांच्या शाळेचे टेरिकॉटचे (पॉलिएस्टर आणि सूत मिसळलेल्या कापडाचे) चार निळे शर्ट, पाच टी-शर्ट आणि माझी रेयॉनची एक ओढणी असे कपडे टाकले. ड्रम काठोकाठ भरलेला नव्हता. वर वीतभर जागा मोकळी होती. धुणे आणि खळबळणे व्यवस्थित झाले, परंतु पिळण्याची वेळ आली तेव्हा ड्रम थोडा वेग घ्यायचा, धडधड सुरू झाली की थांबायचा, कपडे उलटसुलट करायचा आणि पुन्हा तेच. पडद्यावरचा आकडा नऊ मिनिटांवर अर्धा तास अडकून राहिला. शेवटी काम संपल्याचा आवाज आला तेव्हा टॉवेलांतून पाणी निथळत होते, आणि ओढणी जीन्सच्या पायाभोवती दोरखंडासारखी पिळली जाऊन काठाशी चार बोटे फाटली होती. ती बहिणीने दिलेली होती, म्हणून अधिकच वाईट वाटले.

दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने यंत्र चारही पायांवर नीट टेकले आहे हे पाहिले, जाळी काढून साफ केली आणि "जड-हलके कपडे एकत्र टाकू नका" एवढेच सांगून तो गेला. त्यानंतर मी शाळेचे शर्ट उजेडात धरून पाहिले, तर कॉलरजवळ आणि बाह्यांवर बारीक गोळे आले आहेत आणि टॉवेलाचे तंतू सगळीकडे चिकटले आहेत. म्हणजे नुकसान एका दिवसाचे नाही, ते हळूहळू होत आले असावे.

आता माझी अडचण अशी आहे की जड कोणते आणि हलके कोणते हे ठरवायचे कशावरून? यंत्रावर लिहिलेले सात किलो कोरड्या कपड्यांचे की ओल्या? आणि आमच्या इमारतीत पाणी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास एवढेच येत असताना, रंगावरून दोन आणि जाडीवरून आणखी दोन अशा चार-पाच खेपा करणे मला शक्य नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

धागा_आणि_पोत

ताई, नमस्कार. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका कापड-प्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचा कापडाकडचा भाग मी सांगतो. यंत्राचा भाग त्यातील माहीतगाराने सांगावा.

सात किलो हा आकडा कोरड्या कपड्यांचा आहे. तोही सुती कपड्यांच्या कार्यक्रमासाठी आहे. सिंथेटिकच्या कार्यक्रमाला साधारण त्याच्या निम्मे आणि नाजूक किंवा लोकरीच्या कार्यक्रमाला दोन किलोंच्या आसपासच कपडे घालायचे असतात. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो, तो एकदा अवश्य पाहावा.

कापडाचे वजन आमच्या धंद्यात जीएसएमवर सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते. प्रयोगशाळेत एक गोल कटर असतो. तो कापडावर ठेवून दाबून फिरवला की तळहाताएवढी, बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापली जाते. ती नाजूक काट्यावर ठेवायची आणि आलेल्या आकड्याला शंभराने गुणायचे, की जीएसएम मिळाला. मलमलीची चकती बोटावर ठेवली तर ती आहे हे जाणवतसुद्धा नाही, कारण ती जेमतेम अर्ध्या-पाऊण ग्रॅमची असते. जीन्सच्या डेनिमची चकती चार ग्रॅमची भरते आणि नाण्यासारखी ताठ राहते. (डेनिमचे माप अजूनही औंसांत सांगण्याची रीत आहे, १२ औंसांचे डेनिम म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम.) टॉवेलाचे कापड साधारण ४०० ते ६०० जीएसएमचे, टी-शर्टचे १६० ते १८०, पलंगावरच्या साध्या सुती चादरीचे १२० ते १५०. म्हणजे आपल्या त्या एका खेपेत कापडाच्या जाडीत चार-पाच पटींचा फरक होता.

घरी कटर लागत नाही. टॉवेल पाऊण मीटर रुंद आणि दीड मीटर लांब असेल आणि कापड ४५० जीएसएमचे असेल, तर तो कोरडा सुमारे ५०० ग्रॅम भरतो. जीन्स ६०० ते ८०० ग्रॅम, मुलाचा शर्ट दीड-पावणेदोनशे ग्रॅम, टी-शर्टही तेवढाच. या हिशेबाने आपण टाकलेले सगळे कपडे मिळून साडेचार-पावणेपाच किलोंच्या वर जाऊ शकत नाहीत. याचा अर्थ आपले यंत्र क्षमतेपेक्षा अधिक भरलेले नव्हते आणि तरीही ते अडले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच आहे. एकूण वजन मर्यादेत होते. ते कपड्याकपड्यांत फार विषम वाटलेले होते आणि पाणी शिरल्यावर ही विषमता आणखी वाढली.

पाण्याचे म्हणायचे तर सुताला पाणी प्रिय आहे आणि पॉलिएस्टरला नाही. नुसत्या हवेतला ओलावासुद्धा सूत आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवते, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. टॉवेलात तर सुताचे उभे फासे असतात आणि त्या फाशांमध्ये पाणी साठते, त्यामुळे चिंब भिजलेला टॉवेल आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक पाणी घेऊन बसतो. शेजारचा टेरिकॉटचा शर्ट त्या मानाने बरेच कमी पाणी धरतो. मिनिटाला १,००० ते १,२०० फेऱ्यांनी नीट पिळल्यानंतरदेखील सुती कपड्यात कोरड्या वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक पाणी उरतेच. म्हणून कपडे हातात घेताना "हा कोरडा किती जड आहे" याच्या जोडीला "हा पाणी किती पिणार आहे" असेही विचारावे.

ओढणीबद्दल मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. वजनावरून वाटणी करणाऱ्या माणसालाही रेयॉन फसवते. रेयॉनच्या कुर्तीचे कापड टी-शर्टाच्या जवळपास जाडीचे असू शकते, हाताला दमदार लागते, परंतु ओले झाल्यावर त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. सुती धागा याच्या उलट वागतो, ओला झाल्यावर तो थोडा अधिक बळकट होतो. आपल्या दोन जीन्स ओल्या होऊन जड आणि खरखरीत झालेल्या असताना ओढणी आपल्या सर्वांत दुबळ्या अवस्थेत त्यांच्याभोवती गुंडाळली गेली, मग तिने काय करावे? रेयॉन, जॉर्जेट, शिफॉन आणि जाळीचे कापड हे वजन न पाहताच नाजूक समजावे आणि जीन्सबरोबर कधीही टाकू नये.

शर्टावरचे गोळे हेही घासण्याचेच फळ आहे. टेरिकॉटमध्ये सुताचे आखूड तंतू घर्षणाने बाहेर येतात, पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्यांना तुटून पडू देत नाही आणि त्यांची गुठळी होऊन ती कापडाला लटकून राहते. शुद्ध सुती कापडावर अशी गुठळी आली तरी ती पुढे झडून जाते. मुलांचे गणवेश शक्यतो टॉवेल आणि जीन्सपासून दूर ठेवावेत आणि उलटे करून धुवावेत.

खारघर_मेकॅनिक

मी खारघर-पनवेल भागात वॉशिंग मशीन दुरुस्तीचे काम करतो. वरील माहिती अगदी योग्य आहे, पण "जड कपडे एकत्र" या सल्ल्याचा लोक जो अर्थ लावतात त्याने अनेकदा उलटा परिणाम होतो, म्हणून थोडे लिहितो.

फ्रंट लोड यंत्रात कपडे धुतले जातात ते आपटून. ड्रम मिनिटाला ४५-५० फेरे घेतो, कपडे कडेने वर चढतात आणि वरून खाली पडतात, धोबीघाटावर धोबी जे हाताने करतो तेच. पिळण्याच्या आधी ड्रम वेग वाढवून ८० ते १०० फेऱ्यांवर येतो. या वेगाला कपडे खाली न पडता ड्रमच्या भिंतीला चिकटतात, आणि यंत्र तेव्हा पाहते की ते सगळीकडे सारखे पसरले आहेत की एकाच बाजूला गोळा झाले आहेत. सारखे असतील तर वेग वाढतो. नसतील तर यंत्र थांबते, कपडे सैल करते, पुन्हा प्रयत्न करते. ताईंच्या पडद्यावर नऊ मिनिटांचा आकडा अर्धा तास दिसत होता तो याच कारणाने. काही प्रयत्नांनंतर यंत्र कमी वेगातच पिळते किंवा पिळणे सोडून देते, म्हणून टॉवेल निथळत होते. यंत्र बिघडलेले नव्हते. उलट त्याने स्वतःला वाचवले.

कशापासून वाचवले, ते आकड्यांत सांगतो. ड्रमची त्रिज्या सुमारे २४ सेंटिमीटर धरली तर मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर भिंतीला लागलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या जवळजवळ ३९० पट ओढ येते. एका बाजूला फक्त ३०० ग्रॅम जास्त असतील, म्हणजे एका ओल्या टॉवेलाचा जेमतेम तिसरा हिस्सा, तरी त्या बाजूला ११५ किलोंच्या आसपास ओढ निर्माण होते आणि तिची दिशा सेकंदाला वीस वेळा फिरते. ही ओढ बेअरिंगवर, स्प्रिंगांवर आणि खालच्या दांड्यांवर येते. ज्यांच्या घरात यंत्र दर वेळी "चालायला" लागते, त्यांची बेअरिंग लवकर जातात, आणि ते काम स्वस्त नसते, कारण त्यासाठी पूर्ण टब उतरवावा लागतो.

आता गैरसमजाकडे येतो. जाडीवरून वाटणी करायची म्हटल्यावर लोक सोलापुरी चादर एकटी टाकतात, किंवा दोनच जीन्स टाकतात, आणि मग फोन करतात की हलके कपडे नसतानाही यंत्र अडते. ते अडणारच. एकच मोठा कपडा ड्रमच्या एका बाजूला बसला तर त्याच्या समोर तोल धरायला काही नसते. जड खेपेत नग पुरेसे हवेत. चादर असेल तर तिच्याबरोबर तीन-चार टॉवेल हवेत. जीन्स दोनच असतील तर हात पुसायचे जाड रुमाल किंवा तसेच जाड छोटे टॉवेल त्यांच्याबरोबर द्यावेत. म्हणजे कापडाची जात सारखी आणि नगांचे आकार लहान-मोठे असावेत. लहान नग मोठ्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत जाऊन बसतात आणि तोल आपोआप जमतो.

ड्रम किती भरावा यासाठी काटा नसला तरी चालतो. कपडे टाकून झाल्यावर हात उभा करून कपड्यांच्या वर सहज सरकला पाहिजे. दाबावा लागला तर जास्त झाले आणि कपडे वरून खाली पडणार नाहीत, नुसते गोल फिरतील. पलंगावरची चादर आणि उशीचे अभ्रे यांत छोटे कपडे शिरून आतच राहतात आणि गोळा होतो, म्हणून अभ्र्यांची बटणे लावून घ्यावीत. जीन्सची चेन बंद करून ती उलटी करावी. ओढणीला जाळीची पिशवी घ्यावी, ती दुकानात सहज मिळते.

नौपाडा_वरचा_मजला

आमच्याकडे अजूनही दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक यंत्र आहे आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत त्याला बरी जागा आहे. मी पाण्याच्या प्रश्नावरच लिहिते, कारण घोडबंदर रस्त्यावर टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारी माझी भाची आहे आणि तिची तारांबळ मी पाहिली आहे.

चार-पाच खेपा रोज करायच्या नाहीतच. वाटणी धुण्याच्या वेळी करायला गेले की सगळे अंगावर येते, आणि मग पाणी जाईल या घाईत आपण होते नव्हते ते सगळे ड्रममध्ये कोंबतो. मी न्हाणीघराच्या बाहेर दोन टोपल्या ठेवल्या आहेत. एकीत टॉवेल, जीन्स, जाड चादरी, नातवाचे खेळाचे जाड कपडे. दुसरीत शर्ट, परकर, ब्लाउज, कुर्ते, मुलांचे गणवेश. नाजूक कपडा खुंटीवरच्या पिशवीत. घरातल्या प्रत्येकाने कपडा काढताना तो योग्य टोपलीत टाकायचा, हे मी सातवीतल्या नातवालाही शिकवले आहे. हलकी टोपली दर दिवसाआड भरते, जड टोपली आठवड्यातून दोनदाच. एकूण खेपा पहिल्याएवढ्याच होतात. रंगाची काळजी हलक्या टोपलीतच जास्त असते. जड टोपलीत जीन्स आणि गडद टॉवेल एकत्र चालतात, पांढरे टॉवेल तेवढे वेगळे ठेवावे लागतात.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एक सोय आहे, ती ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांनी जरूर घ्यावी. साबणाचे पाणी एकदाच भरायचे, त्यात आधी हलके आणि स्वच्छ कपडे धुऊन काढायचे, मग त्याच पाण्यात जाड कपडे आणि शेवटी पायपुसणी. पाणी शेवटी काळे झालेले असते, ते मोरीत सोडून न देता बादलीत धरून मी संडासासाठी वापरते. पिळण्याच्या टबात मात्र जाड कपडा खाली, हलका वर, सगळे भिंतीलगत सारखे बसवून वर प्लास्टिकची जाळीदार चकती न विसरता दाबायची.

पावसाळ्याची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. जुलैत आमच्याकडे बाल्कनीच्या दोरीवर टेरिकॉटचा शर्ट रात्रभरात वाळतो आणि टॉवेल दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही हाताला गार लागतो. दोन्ही एका खेपेत धुतले तर दोरी अर्धी रिकामी, अर्धी अडलेली, असे होऊन बसते. ओलसर राहिलेल्या टॉवेलाला तो कुबट वास लागतो, कारण ओलाव्यात जिवाणू वाढतात, आणि तो वास पुढच्या धुण्यातही सहजासहजी जात नाही. म्हणून जड खेप मी उघडीप पाहूनच लावते आणि ती दोनदा पिळून काढते. पावसाच्या दिवसांत घरातल्या माणसांनी टॉवेलाऐवजी पंचा वापरावा असेही मी सुचवीन. पंचा अंग कोरडे करतो, यंत्रात हलक्या कपड्यांबरोबर जातो आणि पंख्याखाली दोन-तीन तासांत वाळतो.

कासारवडवलीकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी काल प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि त्याला कापडी पिशवी अडकवून घरातले कपडे तोलले. टॉवेल सरासरी ४८० ग्रॅमचे निघाले, जीन्स ७००, शाळेचा शर्ट १८०, टी-शर्ट १७० आणि ती ओढणी १२० ग्रॅम. बेरीज ४ किलो ५३० ग्रॅम झाली. म्हणजे "धागा_आणि_पोत" यांचा अंदाज अचूक होता. सात किलोंच्या यंत्रात साडेचार किलो कपडे होते आणि त्यांतले २ किलो ८४० ग्रॅम केवळ पाच नगांत होते, हे काट्यावर पाहिल्यावर मला सगळे समजले.

एका कपड्याने मात्र मला गोंधळात टाकले. सासूबाई सुती नऊवारी नेसतात. कापड इतके पातळ आहे की त्यातून बोटे दिसतात, परंतु काट्यावर एक लुगडे ८४० ग्रॅम भरले, जीन्सपेक्षाही जास्त! ते जड टोपलीत जाईल की हलक्या? ते टॉवेलांबरोबर घालायला माझे मन धजत नाही.

धागा_आणि_पोत

आपले मन बरोबर सांगते आहे. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर लांबी, पन्हा सव्वा मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे साडेनऊ-दहा चौरस मीटर कापड झाले. ८४० ग्रॅमला त्याने भागा, की जीएसएम ८५-९० येतो. कापड पातळच आहे, ते फक्त पुष्कळ आहे. घासले जाण्याच्या दृष्टीने ते हलक्या टोपलीतले, आणि तोलाच्या दृष्टीने मोठा नग. पातळ कापड कुठले हे जीएसएम सांगतो आणि तोल कोण बिघडवील हे नगाचे वजन सांगते. आपल्याला दोन्ही पाहावे लागते आणि दोघांची उत्तरे कधीकधी वेगळी येतात, ती अशी.

लुगडे सोडून तसेच टाकले तर ते इतर सगळ्या कपड्यांना वेटोळे घालील. त्याची चार पदरी सैल घडी करून मोठ्या जाळीच्या पिशवीत घालावे, एका खेपेत एकाऐवजी दोन लुगडी असतील तर अधिक चांगले, आणि बरोबर शर्ट-कुर्ते द्यावेत. पिळण्याचा वेग ६०० ते ८०० फेऱ्यांवर ठेवावा. पातळ सुती कापडातले पाणी तेवढ्या वेगातही पुरेसे जाते आणि काठाच्या चुण्या पडत नाहीत. रेशमी काठ असेल किंवा खरी जर असेल तर यंत्राचा विचारच करू नये.

कोपरखैरणे_सेक्टर

आमच्याकडे वरून झाकण असलेले, म्हणजे टॉप लोड यंत्र आहे. वरील सगळे त्यालाही लागू होते का? आमच्या यंत्रातून कपडे नेहमी एकमेकांत गुंतलेलेच निघतात. आणि पावसाळ्यात मुलांचे रेनकोट चिखलाने भरतात, ते जड समजून टॉवेलांबरोबर टाकले तर चालतील का?

खारघर_मेकॅनिक

रेनकोट कृपया पिळण्याच्या यंत्रात टाकू नका, कोणत्याही प्रकारच्या नाही. हे मी आधी सांगतो, कारण बाकीच्या चुकांनी कपडा खराब होतो, या चुकीने माणसाला इजा होऊ शकते. रेनकोट, गादीवरचे पाणी न झिरपणारे आवरण, ताडपत्रीसारखे कापड यांतून पाणी बाहेर पडत नाही. ड्रम फिरू लागला की अशा कापडाच्या पोटात पाण्याचा फुगा अडकतो, यंत्राला सुरुवातीला तोल बरोबर वाटतो, आणि पूर्ण वेग आल्यावर तो फुगा एकदम सुटतो किंवा एका बाजूला सरकतो. दोन-तीन लिटर पाणी अचानक एका बाजूला गेले तर काय होईल, ते वरच्या हिशेबावरून लक्षात येईल. टब फुटलेले, काचेचे झाकण तडकलेले मी स्वतः पाहिले आहे. रेनकोट जमिनीवर पसरून मऊ ब्रशने आणि मगभर पाण्याने साफ करावा आणि न्हाणीघरात टांगावा.

टॉप लोडबद्दल सांगायचे तर वाटणी त्यालाही हवी, किंबहुना थोडी अधिकच. त्यात कपडे वरून पडत नाहीत, तळाची चकती पाणी घुसळते आणि त्या भोवऱ्यात कपडे फिरतात. लांब आणि हलक्या कपड्याला भोवरा ओढून घेतो आणि जड कपडा तळाशी बसून राहतो, म्हणून गुंता होतो. पायजम्याच्या नाड्या, ओढण्या आणि लांब बाह्यांचे शर्ट ही गुंत्याची घरे आहेत; नाड्या बांधून आणि बाह्या आत वळवून टाकाव्यात. जड कपडे आधी, मधला भाग मोकळा ठेवून भिंतीलगत सगळीकडे सारखे पसरावेत. पाण्याची पातळी यंत्रावर सोडली असेल तर आणखी एक लक्षात ठेवावे. यंत्र पाणी सोडण्याआधी चकती फिरवून कोरड्या कपड्यांचे वजन अजमावते, त्यांतले सूत किती आणि पॉलिएस्टर किती हे त्याला तेव्हा समजत नाही. पाच-सहा टॉवेलच असतील तर ते पाणी पिऊन टाकतात आणि घुसळायला पाणी उरत नाही, तेव्हा पातळी हाताने एक पायरी वाढवावी. ओले कपडे भरून मग यंत्र सुरू केले तर उलटे होते, यंत्र वजन जास्त समजून उगाच भरमसाट पाणी घेते. पाणीटंचाई असलेल्यांनी हे विशेष पाहावे.

कासारवडवलीकर

तीन रविवार झाले, म्हणून अनुभव कळवते. दोन टोपल्या आणि एक पिशवी ठेवली आहे. बुधवारी आणि रविवारी सकाळी जड खेप लावते: तीन टॉवेल, दोन जीन्स आणि त्यांच्या मधल्या जागा भरायला सहा जाड नॅपकिन. तिन्ही आठवड्यांत यंत्र एकदाही अडले नाही, नऊ मिनिटांचा आकडा नऊ मिनिटांतच संपला, आणि टॉवेल हातात घेतल्यावर थेंब पडला नाही. हलकी खेप सिंथेटिकच्या कार्यक्रमावर, तीन किलोंच्या आत आणि ८०० फेऱ्यांवर. गणवेशावर आलेले जुने गोळे तर राहणारच, पण नव्या शर्टावर अजून एकही दिसत नाही आणि टॉवेलाचे तंतू काढत बसण्याचे काम संपले. सासूबाईंची दोन लुगडी पिशवीत घालून धुतली, ती घडीसकट बाहेर आली. त्यांनी दोरीवर घालताना काठ हाताने ओढून पाहिला आणि "पुढच्या वेळीही असेच कर" म्हणाल्या.

नवरात्राआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायचे आहे. त्यात त्यांच्या जुन्या लुगड्यांची सहा पदरी गोधडी आहे, कोरडी २ किलो ६०० ग्रॅम भरली. ही यंत्रात घालावी का?

नौपाडा_वरचा_मजला

गोधडी नको. ती एकटीच एक मोठा नग, सगळी सुती, सहा पदर पाणी पिणारे, आणि ओली झाली की हाताने शिवलेल्या टाक्यांवर सगळा भार येतो. त्यापेक्षा पाऊस ओसरून उन्हे कडक होईपर्यंत थांबावे, गच्चीवर मोठ्या टपात साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून पायांनी तुडवावी, दोघांनी दोन टोके न पिळता उचलून कठड्यावर निथळत ठेवावी, आणि वरचे पाणी गळायचे थांबले की मग दोरीवर घ्यावी. पाण्याचे सांगायचे तर सोसायटीला आदल्या दिवशी कळवून ठेवावे. एका गोधडीला चार-पाच बादल्या पाणी लागते.